बापाची चाल

"काका, नेहमी चालता तसंच चाला," ती फिजिओथेरपीवाली पोरगी म्हणाली, आणि मला चालणंच आठवेना.

म्हणजे बघा, पन्नाशी ओलांडलेला माणूस मी. शहराबाहेर वाडी भागातल्या एका गोदामात दिवसभर मालाच्या थप्प्यांमधून फिरतो, तेच माझं काम. कोणता ट्रक लागला, कोणता माल ओला झाला, कोणत्या पेटीवर कोणती पेटी चढवली, सगळं पायी फिरून बघायचं. अन् इथं प्रताप नगरातल्या क्लिनिकात, दारापासून खिडकीपर्यंतच्या मोकळ्या फरशीवर, मी उभा राहिलो तो राहिलोच. कोणता पाय आधी टाकतो मी? हात कुठं असतात माझे? त्या पोरीनं मोबाइल समोर धरून ठेवला होता. शेवटी कसाबसा खिडकीपर्यंत गेलो अन् परत आलो.

तिनं मला व्हिडिओ दाखवला. मी चष्मा लावून बघितलं अन् चक्रावलोच. पडद्यावर माझे बाबा चालत होते. माझा निळा टी-शर्ट घालून, माझ्या टकलासकट, पण बाबाच. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. तीच चाल: पावलं लहान, हात अंगाला चिकटलेले, खांद्यापासून कमरेपर्यंत सगळं एकसंध, पाठीला फळी बांधल्यासारखं. मला इतकं बरं वाटलं की मी हसलो.

पोरगी काही हसली नाही. "दिसलं ना काका," ती म्हणाली, "किती खराब आहे ते?"

पाठीचं दुखणं जुनं आहे. कधी सुरू झालं ते मला विचारू नका, डॉक्टरही तेच विचारतात अन् मी दर वेळी वेगळं सांगतो. कधी बसलं की दुखते, कधी उठलं की दुखते, कधी दोन्ही करून दुखत नाही अन् मग मीच बसून वाट पाहतो, आता दुखेल म्हणून. एका डॉक्टरनं सांगितलं आराम करा. दुसऱ्यानं सांगितलं आराम अजिबात करू नका. एमआरआय काढला तर त्यात म्हणे वयाप्रमाणे झीज आहे, बाकी काही नाही. काही नाही तर मग दुखते काय, माझं डोकं? बायकोच्या भावानं कमरेचा एक पट्टा आणून दिला. तो मी इतका आवळून बांधायचो की जेवल्यावर ढेकर अडकायची. पट्टा बांधला की बरं वाटायचं, सोडला की भीती वाटायची, अन् भीती वाटली की दुखायचं. ह्यातलं आधी काय अन् नंतर काय, मला खरंच कळत नव्हतं. आजही नीट कळत नाही.

पण चालीबद्दल मला कधी शंका नव्हती. चाल आमच्या घरची होती.

आम्ही विणकर. म्हणजे बाबा विणकर, मी गोदामवाला. जुन्या घरी पुढच्या खोलीत माग होता, जमिनीत खड्डा खणून बसवलेला. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, पायांनी पावड्या दाबत, हातानं धोटा फेकत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. लुगडी विणत. मागावरून उठून बाहेर पडले की गल्लीत पाठमोरेही ओळखू येत. मी तिशी-पस्तिशीत आलो तेव्हा नातलग म्हणायला लागले, "बापाचीच चाल आहे गा ह्याची." लग्नाकार्यात कुणी ना कुणी म्हणायचंच. मला माग चालवता येत नाही. बाबांचा आवाज मला नाही, त्यांचं नाक बहिणीकडे गेलं. चाल तेवढी माझ्या वाट्याला आली, असं मी समजत होतो. बापाचं काहीतरी आपल्यात असावं, असं माणसाला वाटतेच ना.

बाबा गेल्यावर माय जुन्या घरीच राहिली, माझ्याकडे राहायला आली ती आता काही महिन्यांपूर्वी. काचबिंदूनं तिची नजर गेली आहे. उजेड-अंधार तेवढा कळतो. दिवसभर ती पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसते, रस्त्यावरचं सगळं ऐकते, अन् भाजीवाला कोणता खरा अन् कोणता लबाड हे त्यांच्या ओरडण्यावरून सांगते. मी पाठीपायी स्कूटर सोडलेली. गोदामातला एक जण गाडीनं चौकात सोडतो, तिथून गल्लीतून पायी घरी. तर माय आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी फाटक उघडून आत आलो अन् तिनं झटकन मान वळवली. तिचा चेहराच बदलला.

"तुह्या बापासारखंच वाजते गा तुहं पाऊल," ती म्हणाली अन् पदरानं डोळे पुसले. बस, एवढंच.

त्या दिवसापासून मला वाटायचं, रोज संध्याकाळी फाटकापासून दारापर्यंत मी बाबांना घेऊन येतो. आंधळ्या मायला नवरा दिसत नाही, ऐकू तरी येतो. मी बायकोलाही हे सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं आहे, मायले बरं वाटत असन."

अन् ही पोरगी म्हणते खराब आहे. मला रागच आला. हिचं वय काय, माझ्या बापाची चाल काय. पण तिनं मला स्टुलावर बसवलं अन् शांतपणे समजावलं. माणूस चालतो तेव्हा डावा पाय पुढं जातो तसा उजवा हात पुढं जातो. कंबर एकीकडे वळते, छाती दुसरीकडे. मधली पाठ थोडीशी पिळली जाते, ओलं फडकं हलक्या हातानं पिळावं तशी, अन् पुन्हा सैल होते. हे आपलं आपण होत असते, कुणी ठरवून करत नाही.

"तुमची छाती अन् कंबर सोबतच वळून राहिली, काका. पीळच पडत नाही. दुखू नये म्हणून तुम्ही पाठीले धरून ठेवलं, अन् धरून ठेवलं म्हणून ती थकून राहिली."

"म्हणजे दुखते म्हणून असा चालतो, की असा चालतो म्हणून दुखते?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं असन? काहीतरी एक पहिले असन ना."

"पहिले दुखलं असन. मग दुखणं कमी झालं तरी चाल तशीच राहते, अंगाले सवय पडते. आता कोण कोणाच्या मागं लागलं आहे ते मलेही नाही सांगता येत."

निदान खरं बोलली. बाकी डॉक्टर तर माझ्याकडे न बघताच सगळं सांगून मोकळे झाले होते. तिनं पट्टा हळूहळू सोडायला सांगितला. हात मोकळे सोडून चाला, जरा भरभर चाला, जमिनीकडे बघत चालू नका. मी विचारलं, "मग ही चाल जाईल?"

"जायलाच पाहिजे," ती म्हणाली. पेढे वाटावेत तसा चेहरा करून.

मी घरी आलो तो डोक्याचं पार भजं होऊन. पाठ बरी व्हावी असं वाटत होतं. चाल जावी असं अजिबात वाटत नव्हतं. अन् आता ती म्हणते की दोन्ही एकच आहे.

तरी पण दुखणं माणसाला काहीही करायला लावते. सकाळी कॉलनीच्या मैदानावर मी चालायला शिकू लागलो. हात हलवायचा म्हटलं की डावा पाय अन् डावा हात एकदमच पुढं. बायको सोबत यायची, ती थांबून थांबून हसायची. "अहो, परेडले चालले का?" मी चिडायचो. जितकं लक्ष द्यावं तितकं बिघडायचं, अन् लक्ष नाही दिलं तर फळी परत जागेवर. लक्ष देऊनही नाही अन् न देऊनही नाही, मग करावं तरी काय? गोदामातले हमाल काळजीनं विचारायला लागले, "साहेब, पाय मुरगळला का? काल तर बरे चालत होते." काल म्हणजे मी खराब चालत होतो, हे त्यांना कसं सांगणार.

मग एक दिवस आपोआप जमलं. एका ट्रकवाल्यानं भलताच माल भलतीकडे उतरवला होता अन् मी त्याला फोनवर झापत गोदामाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, मोकळा हात जोरात हलत होता, पावलं लांब पडत होती, अन् पाठ गुमान बसली होती. पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग भांडत राहा, काका."

हळूहळू न भांडताही जमायला लागलं. रोज नाही, पण जमायचं. अशाच एका संध्याकाळी चौकात उतरून गल्लीत वळलो. हात सुटे, चाल भरभर. पाठीचं नावच नाही. फाटक दिसलं अन् मी थबकलो. आत माय बसलेली. ही पावलं ऐकून ती कोण आलं म्हणेल? मी तिथंच कंबर आवळली, हात अंगाला लावले अन् लहान लहान पावलं टाकत आत गेलो. मायनं मान वळवली, तसाच चेहरा केला. मला हायसं वाटलं.

मग ते रोजचंच झालं. गल्लीभर माझी चाल, फाटकापासून बाबांची. मजा अशी की गल्लीभर दुखायचं नाही अन् फाटकाच्या आत दुखायचं. कधी कधी तर फाटकाला हात लावल्याबरोबर, चाल बदलायच्याही आधी. हे दुखणं आता माझं होतं की बाबांचं, पाठीत होतं की डोक्यात, मला काही म्हणता काही उमगेना.

बायकोनं एकदा गॅलरीतून बघितलं. आत आल्यावर विचारलं, "फाटकापाशी काय झालं तुम्हाले? काहून असे करता?"

मी सांगितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती, मोडतच राहिली. मग म्हणाली, "मायले सरळ विचारा ना."

"काय विचारू? तुझा नवरा माझ्या कमरेत ठेवू की जाऊ देऊ?"

"तुम्ही बह्याड आहात," ती म्हणाली अन् शेंगा उचलून आत गेली.

त्याच दिवसांत मायनं नवीनच सुरू केलं. "मले उमरेडले पोचवून दे." उमरेडला माझी बहीण राहते. काहून, तर असंच. इथं काही कमी आहे का, तर नाही बाप्पा. कुणी काही बोललं का, तर कोणीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिनं चाचपत चाचपत आपली लुगडीही बांधून ठेवली. बहिणीला फोन केला तर तिलाही काही ठाऊक नाही. ती म्हणाली, आखाजी होऊ दे, दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाते, थोडे दिवस राहील अन् येईल.

पण मला मायचा स्वभाव माहीत आहे. ती एकदा गेली की परत यायची नाही. अन् मला ती जायला नको होती. इतकं साधं होतं ते. घरी येऊन तिला दिवसभराचं सांगितल्याशिवाय माझा दिवस संपत नाही, मग ती ऐको की डुलकी काढो. मी आपला हिशेब लावला: माझ्या चालीत फरक पडला आहे, तिच्या कानाला तो कळला आहे. नवऱ्याचं पाऊल ह्या घरातून चाललं, म्हणून तीही चालली. मग मी काय करावं? मी संध्याकाळी गोदामातून निघताना परत पट्टा बांधायला लागलो. फाटकाच्या आत तर इतका ताठ चालायचो की पायऱ्या चढताना कठडा धरावा लागे. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं पट्ट्याचे वळ बघितले अन् मला चांगलंच सुनावलं. काय सांगणार तिला?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं भरतात अन् बाहेरच्या एखाद्या माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. गेलेल्याच्या जागी तो जेवतो. आमच्या बाबांच्या जागी दर वर्षी एक काका बसतात. नात्यातले नाहीत. जुन्या गल्लीत आमच्या शेजारच्या घरात त्यांचा माग होता, एवढाच संबंध. दर वर्षी मी त्यांना स्कूटरवर बसवून थेट दारात आणायचो. यंदा स्कूटर नव्हती, ते ऑटोनं येणार होते.

मी पुढच्या खोलीत पत्रावळ मांडत होतो. माय खुर्चीत. फाटक वाजलं अन् पावलं आत येऊ लागली. मायनं झटकन मान वळवली. तोच चेहरा. मी तर इथं तिच्याजवळ पाण्याचा गडू घेऊन उभा.

खिडकीतून बघितलं तर काका येत होते. पावलं लहान, हात अंगाला चिकटलेले, खांद्यापासून कमरेपर्यंत फळी. क्लिनिकात जायला लागल्यापासून मला जगाच्या चाली दिसायला लागल्या आहेत, नाहीतर इतकी वर्षं काकांना ओळखून मी त्यांच्या चालीकडे कधी बघितलंच नव्हतं. पण हा माणूस बाबांचा भाऊ नाही, चुलता नाही, कुणी नाही. आमच्या घरची चाल ह्याच्याकडे आली कशी?

काका जेवले. रस, वडे, चिंचोणी, सगळं मनापासून. मी वाढत होतो, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाहेर ओसरीवर हात धुवायला गेले तेव्हा मी विचारलंच, "काका, तुमची चाल पहिलेपासून अशीच होती?"

"कशी?"

मी त्यांना चालून दाखवली. ते टॉवेल हातात धरून बघत राहिले. मग म्हणाले, "तुहीही पाठ गेली का गा?"

मी मान हलवली.

"आमच्या गल्लीत सारे असेच चालत," ते म्हणाले. "खड्ड्यात बसून बसून कंबर धरली का मंग असाच चालते माणूस. तुहा बाप पहिले असा नव्हता चालत. तो चाले तं त्याले रस्ता पुरत नव्हता."

काकांना ऑटोत बसवून मी परत आलो अन् मायच्या खुर्चीजवळ खाली बसलो. बायको आत भांडी आवरत होती.

"माय, बाबांची चाल पहिले वेगळी होती?"

"होती ना."

"मग तू तर म्हणाली होती, माझं पाऊल त्यांच्यासारखं वाजते."

"वाजतेच ना. दुखते तवा तसंच वाजते." तिनं हे इतकं सहज सांगितलं की मला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. "तो कधी बोलला नाही. विचारलं तं चिडे. मी पावलावरूनच समजून घेत होती, आज जास्त आहे का कमी. तू त्या दिवशी फाटकातून आला तं मले वाटलं, ह्याचंही सुरू झालं. तूही बोलत नाही. मंग मी रोज ऐकत होती."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. लाज वाटली, हसू आलं, रडूही आलं, अन् ह्यातलं एकही धड आलं नाही. मी तिला रोज संध्याकाळी बाबा आणून देत होतो म्हणे.

"मग उमरेडले काहून चालली तू?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू गल्लीतून येते तवा चांगला येते," ती म्हणाली. "मले ऐकू येते ना. मोकळा येते, भरभर. फाटकापाशी आला का तुहं दुखणं सुरू होते. बाहेर नाही दुखत, घरात दुखते. मी म्हटलं, घरात काय दुखून राहिलं ह्याले? सून तं चांगली आहे. मंग मीच ना. मीच तेवढी नवीन आली ह्या घरात."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

मी तिला सगळं सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही, कारण मी सांगतच उलटसुलट होतो, फिजिओथेरपी, पट्टा, ट्रकवाला, सगळं एकात एक. पुन्हा सांगितलं. तिला कळलं तेव्हा ती भडकली.

"तुह्या बापाचं दुखणं ऐकवत होता मले? रोज?"

"मला वाटलं तुला बरं वाटत असेल."

"बरं कशाचं वाटते बह्याडा," ती म्हणाली अन् खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. "उठ. इकडे हो. कुठं दुखते?"

मी तिचा हात धरून दाखवलं. तिनं शर्ट वर करून कमरेवर तळहात ठेवला. पट्ट्याचे वळ तिच्या बोटांना लागले असणार, तिनं ते चाचपले. "चाल," म्हणाली.

मी चालू लागलो. ती माझ्यामागं, एक हात भिंतीला, एक माझ्या पाठीला. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. हात सोडावे की धरावे, मला समजत नव्हतं, ती पडेल अशीही भीती वाटत होती.

"नाही वळत अजून," ती मागून म्हणाली. "लाकूड झालं आहे. सोड त्याले."

"सोडतो आहे, माय. सुटत नाही."

"बहिणीले फोन कर, म्हणा मले घ्यायले येऊ नको."

"करतो."

पुन्हा स्वयंपाकघराचं दार आलं. बायको दारातून बाजूला झाली. मायनं हात काढला नाही, उलट बोटं थोडी पसरली अन् जिथं सगळ्यात जास्त दुखते नेमकं तिथं येऊन थांबली.

"तुह्या बापानं इथं मले कधी हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "चाल तू."